पृथ्वीवर अतिक्रमण

चित्रपटगृहाच्या दारावरचा फलक पाहून दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. सिनेमाचं नाव होतं ‘पृथ्वीवर आक्रमण’. पेंटरने रंगवलं होतं ‘पृथ्वीवर अतिक्रमण’, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘हुकुमावरून’.

“अहो पेंटर, हे काय केलंत?”

“सवय हो साहेब. जन्मभर नगरपालिकेच्या पाट्या रंगवल्या. हात आपला आपण जातो.”

“आणि हुकुमावरून?”

“त्याला तर बघावंही लागत नाही.”

दिग्दर्शक एरवी पाण्याच्या प्लॅस्टिक टाक्या विकायचा. त्यामुळे सिनेमातल्या सगळ्या उडत्या तबकड्या ही टाक्यांची झाकणं होती. चित्रीकरण सासऱ्यांच्या गच्चीवर झालं होतं, नायिका बायको होती आणि परग्रहवासीयांचे सेनापती खुद्द सासरे. त्यांचे गुडघे वाकत नसल्यामुळे ते अभिनय न करताच परग्रहावरचे वाटत. सासरे त्याला लग्नापासून ‘टाकीवाले’ म्हणत आले होते. चार लोकांत एकदा तरी त्यांनी ‘आमचे जावई’ म्हणावं, एवढ्यासाठीच त्याने हा सगळा घाट घातला होता.

फलकाने मात्र कमाल केली. ज्याने ज्याने बाल्कनी पुढे ओढली होती, दुकानाची पायरी रस्त्यावर आणली होती, तो तो घाबराघुबरा होऊन आला. थिएटर गच्च भरलं.

“साहेब कधी बोलणार?” किराणा दुकानदाराने विचारलं.

“आत्ता सुरू होईल,” दिग्दर्शक अभिमानाने म्हणाला.

अंधार झाला. पडद्यावर एक झाकण गच्चीवर उतरलं.

“दोरी दिसतेय!” कुणीतरी ओरडलं.

“सांगितलं होतं, काळी दोरी घ्या,” शेजारी बसलेले सासरे पुटपुटले. “ऐकतील तर टाकीवाले कसले!”

दिग्दर्शक खुर्चीत आणखी खाली सरकला. तेवढ्यात पडद्यावरचे सेनापती गरजले, “ही जागा आमची आहे! सूर्य मावळायच्या आत खाली करा!”

मग दुकानदार ताडकन उठला. “आधी नोटीस दिली का?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “आमचं आयुष्य गेलं इथे!” असं नायिका म्हणाली तेव्हा मागे एकजण चक्क रडला. शेवटी तिने नळी धरली आणि शत्रूवर पाणी सोडलं. सैनिकांचा हिरवा रंग धुऊन गेला आणि आतली माणसं दिसायला लागली. रंग कच्चा निघाला होता, पण लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडले, “बघा, आपल्यातलेच निघाले!” दिग्दर्शकाला लगेच वाटलं, आपल्याला हेच तर म्हणायचं होतं.

लोक पांगल्यावर शेवटच्या रांगेतले एक किरकोळ गृहस्थ पुढे आले.

“सिनेमा आवडला. उणिवा आहेत. तबकडीवर टाकीच्या कंपनीचं नाव दिसतं. सैन्य फारच थोडं आहे. पण ते सेनापती आणि ती शत्रूच्या तळावरची पत्र्याची खोली, वा! अगदी अस्सल.”

“अस्सलच आहे!” दिग्दर्शकाची छाती फुगली. “गच्चीवर स्वतःच्या हाताने बांधलीय मी. पक्की.”

“परवानगी वगैरे?”

“कलेला कसली हो परवानगी?”

“तेही खरंच,” गृहस्थ म्हणाले. “मी अतिक्रमण विभागात असतो. फलक वाचला, म्हटलं आमच्याच खात्याचा कार्यक्रम आणि आम्हालाच पत्ता नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासऱ्यांच्या दारात नगरपालिकेची गाडी उभी राहिली. गच्चीवर पत्र्यांचा खणखणाट सुरू झाला आणि गल्ली गोळा झाली. दिग्दर्शक मान खाली घालून उभा होता. सासरे कठडा धरत धरत जिना उतरून आले, तशी बायकोने हळूच त्याचा हात धरला. आता सगळ्यांसमोर उद्धार होणार, याची त्याला खात्री होती.

“काय झालं हो?” शेजाऱ्यांनी विचारलं.

सासरे ताठ उभे राहिले. जमलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमच्या जावयांनी सिनेमा काढलाय. इतका खरा वाटला, की पाडायला सरकारी गाडी आली!”