हिरवा शिक्का आणि अकरा शेळ्या

पाहुण्यांची खोली कशी असावी, हे आमच्या अख्ख्या डोंगराळ गावात फक्त मला कळतं. याबद्दल दुमत असलंच, तर ते माझ्या बायकोचं आहे.

शहरातली नोकरी सोडून मी घराशेजारी ही खोली बांधली. चकचकीत फरशी, सौर विजेवरचा पंखा, उन्हावर तापलेलं अंघोळीचं पाणी. पर्यटन समितीचा नियम सोपा होता. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या पाहुण्यांचं मत चांगलं आलं, तर निसर्ग जपणाऱ्या घरांच्या यादीत नाव आणि दारावर हिरवा शिक्का. नाही आलं, तर मुकाट्याने शहरात परत जायचं, असं बायकोने बजावलं होतं.

त्या दिवशी मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि फाट्यावर जाऊन बसची वाट बघत उभा राहिलो. स्वागताचं भाषण तोंडपाठ होतं. तीन बस आल्या, पाहुणे नाहीत. चौथीच्या ड्रायव्हरने तर बिचाऱ्याने अर्धं भाषण ऐकूनही घेतलं. शेवटी चरफडत घरी आलो.

"अहो, हळू बोला," बायको अंगणातच म्हणाली. "पाहुणे झोपलेत."

"कुठे? किल्ली माझ्याकडे आहे!"

"शेळ्यांच्या गोठ्यात."

झालं होतं असं, की पाहुणे म्हणजे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, गाडीचा धूर नको म्हणून डोंगर उतरून पायी आले. बायको शेतात. खोलीला कुलूप. शेजारी गोठा सताड उघडा, नुकताच चुना मारलेला, आत ताजं गवत अंथरलेलं आणि शेळ्या चरायला गेलेल्या. बायको परतली तेव्हा दोघं गाढ घोरत होते.

मी गोठ्याकडे धावलो. तेवढ्यात शिक्षक डोळे चोळत बाहेर आले. केसांत गवत होतं.

"दादा, कमाल केलीत. प्लास्टिक नाही, वीज नाही, गवताची गादी. कल्पना कुणाची?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, शप्पथ.

"माझीच," मी म्हणालो. "फार विचार केला त्यावर."

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन मी इथे करत नाही.

इतक्यात शेळ्या परतल्या. "आता यांना कुठे बांधू?" बायकोने माझ्या कानाशी विचारलं. मी निमूटपणे खिशातून किल्ली काढून दिली. अकराच्या अकरा शेळ्या चकचकीत फरशीवरून घसरत आत गेल्या. दोन दिवस पाहुणे गवतात राहिले आणि शेळ्या पंख्याखाली.

पंधरवड्याने शिक्का आला! मी तो स्वतःच्या हाताने गोठ्याच्या दाराला ठोकला आणि गावातल्या झाडून सगळ्यांना बोलावून दाखवला. छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटलं. शहरात जाणं टळलं होतं. मग बायकोने सोबत आलेला पाहुण्यांच्या मताचा कागद सगळ्यांसमोर वाचला.

"घर उत्तम. मालक दूरदृष्टीचे. मात्र शेळ्यांसाठी फरशी, पंखा आणि गरम पाणी करण्याचा उधळेपणा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला मालकांनी वेळीच आवरावं."

त्या माणसाचा शोध चालू आहे, असं मी समितीला कळवलंय.