कडकट्ट चाचांचे नुस्खे

कडकट्ट चाचांना कुणी "नमस्कार चाचा, कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की चाचा उत्तर देत नसत. आधी त्याचं वाक्य कापत. "नमस्कार काढा. बरा नसतो तर इथं दिसलो असतो काय? तेबी काढा. चाचा ठेवा. बास, एका लफ्जात काम झालं!" मग स्वतः "ठीक" म्हणायचे आणि तेच पुन्हा टेबलावर दोन बोटांनी कट्ट-कडकट्ट करून वाजवायचे.

खरं नाव मकबूल अहमद. उस्मानाबादच्या तार ऑफिसात ते तारमास्तर, आणि मी लोहाऱ्याहून नुकताच आलेला, खिडकीवर तारा घेणारा कारकून. निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांचे हुकूम हैदराबादेऐवजी मुंबईहून यायला लागले, पाट्या बदलल्या, साहेब बदलले. चाचा मात्र यंत्रापुढच्या त्याच स्टुलावर. घरी ते आणि एक बकरी. एकुलती लेक झुबेदा गुलबर्ग्याला दिली होती, आणि गुलबर्गा आता म्हैसूर राज्यात गेलं होतं. चाचा म्हणायचे, "मुलूख वाटला, तार न्हाय वाटली. ती अजून सरळच जाते." मी सांगतोय त्या वर्षी झुबेदाला दिवस गेले होते आणि चाचांचा एक कान कायम गुलबर्ग्याकडे असायचा.

तारेला शब्दागणिक पैसे पडत. आमच्या खिडकीवर चार भाषा यायच्या, आणि प्रत्येक भाषेतले शब्द कापायला चाचांचा वेगळा नुस्खा होता. जुन्या वकिलांची उर्दू आली की म्हणायचे, "आदाब आन् तस्लीम दारात चपलांजवळ ठेवा, निस्ता मुद्दा आत आना." इंग्रजीतला 'द' दिसला की लग्नात फुकट जेवणारा पाहुणा पकडल्यासारखा त्याला बाहेर काढायचे. मराठीत 'कळविण्यास आनंद होतो की' दिसलं की संपलंच. "आनंद तार वाचल्यावर होतोच की हो! तो पैसे देऊन कशाला धाडायचा?" कानडीवर मात्र त्यांचा भारी जीव. उमरग्याकडचा व्यापारी आला की चाचांची कळी खुलायची. "कानडी मानूस नशिबाचा, बाबू. एका लफ्जात अख्खी बैलगाडी भरतो!"

एकदा येरमाळ्याचे एक म्हातारबा आले. लेक पलटणीत. येडाईच्या यात्रेला ये, आई वाट बघतीय, पांढऱ्या बैलाचा पाय आता बरा हाय, असा त्यांचा मजकूर. चाचांनी कापून कापून 'यात्रेला ये' एवढंच ठेवलं.

"आन् आईचं?" म्हातारबा म्हणाले.

"यात्रा म्हटलं की आई आलीच."

"आन् बैलाचा पाय वं?"

"पोरगं आल्यावर डोळ्यानं बघंल. लफ्ज कमी, असर जास्ती!"

म्हातारबा पैसे वाचले म्हणून खूश, पण जाताना दारातून दोनदा मागं वळून बघत गेले. त्यांना बैलाचं सांगायचंच होतं.

पण चाचांचा सगळ्यांत मोठा नुस्खा तारेतला नव्हताच, तो सायकलवरचा होता. आमच्याकडे तार म्हणजे मयत. खाकीतला तारवाला बोळात शिरला की बाया तार फोडायच्या आधीच ऊर बडवायला सुरुवात करायच्या. आत नातू झाल्याची खबर असायची आणि बाहेर अख्खी आळी रडत असायची! चाचांनी आमच्या तारवाल्या दगडूला सायकलच्या घंटीची भाषा शिकवली. चांगली खबर असली की लांबूनच घंटी, सारखी, दारात पोचेपर्यंत. वाईट असली की घंटी नाही. कोपऱ्यावरच सायकलवरून उतरायचं आणि हळूहळू पायी जायचं, म्हणजे घरच्यांना तेवढीच सवड मिळते. महिन्याभरात पोराटोरांनासुद्धा ही भाषा पाठ झाली.

आणि मग एक दिवस भर बाजारात दगडूची सायकल पंक्चर झाली.

बिचारा सायकल ढकलत निघाला. तारवाला पायी चाललेला बघून पहिल्या दुकानदारानं टोपी काढली, दुसऱ्यानं फळ्या लावल्या. दगडू ज्या बोळात वळेल तिथं एक हंबरडा फुटायचा, तो पुढं गेला की थांबायचा आणि पुढच्या घरात सुरू व्हायचा. मागं पन्नासेक माणसं मान खाली घालून चाललेली, त्यातल्या दोघांनी बांबूही आणले होते. शेवटी तार निघाली ती एक पोरगा मॅट्रिक पास झाल्याची! पोराच्या बापानं आधी दगडूला मिठी मारली आणि मग दोन शिव्या हासडल्या. साहेबांनी चाचांना बोलावून झापलं. चाचांनी शांतपणे भाषेत एक कलम वाढवलं. चांगली खबर असताना पंक्चर झालं, तर सायकल खांद्यावर घ्यायची आणि घंटी वाजवत पळायचं.

"हे सगळं कशापायी, चाचा?" हसून हसून पोट दुखल्यावर मी त्यांना विचारलं.

चाचांची बोटं टेबलावर थांबली. "झुबेदाची अम्मी बाळंतपनाला बिदरला म्हायेरी गेली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेचं. ती गेल्याची तार म्याच घेतली, बाबू. या हातानं, एकेक हरफ लिहून. पयला हरफ आला, दुसरा आला. माझ्यासाठी कोपऱ्यावर कोन उतरलं न्हवतं." एवढी मोठी वाक्यं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

रीतीप्रमाणे झुबेदाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण या माहेरात बाईमाणूस कुठं होतं? झुबेदाच्या सासूनं तिला गुलबर्ग्यालाच ठेवून घेतलं. चाचा "बरोबर हाय त्यांचं" म्हणाले आणि दिवस भरत आले तशी त्यांनी रजा टाकली. ऑफिसात कुणाचा विश्वास बसेना. जाताना मला म्हणाले, "ही तार म्या न्हाय घेनार. मी घरी बसतो. मलाबी एकदा घंटी पाहिजे." थोडं थांबून म्हणाले, "न्हाय वाजली, तर दगडूला म्हनावं, हळू ये."

आणि तार आली! भर दुपारी, बदली तारमास्तरांनी घेतली. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल. मी खिडकी सोडून ओरडतच बाहेर धावलो, "दगडू, पळ!" दगडू सायकलजवळ उकिडवा बसला होता. मागचं चाक पंक्चर होऊन पार बसलेलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. चाचांच्या घराकडं तारवाला पायी चालला तर काय होईल, हे सांगायला नको होतं. दगडूनं दात-ओठ खात सायकल खांद्यावर घेतली. "बाबू, माझे दोनी हात गुतलेत. घंटी तुमी वाजवा!" मग काय, पुढं दगडू, बाजूनं त्याच्या खांद्यावरची घंटी वाजवत मी, सरकारी कारकून, धोतराचा सोगा तोंडात धरून! घरांतून बाया बाहेर आल्या. "चाचाच्या लेकीचं! चाचाच्या लेकीचं!" कुणीतरी ओरडलं आणि निम्मी आळी आमच्यामागं पळत सुटली.

चाचा उंबऱ्यावर डोळे मिटून बसले होते. बकरी शेजारी. आम्ही समोर जाऊन थांबलो तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी घंटी वाजवतच होतो.

"दोघं?" चाचांनी विचारलं.

"दोघी," मी म्हणालो.

मग ते सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. दगडूही सायकल खांद्यावरच ठेवून रडला.

तासाभरानं चाचा ऑफिसात आले, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकासारखे. त्यांनी मजकूर आत सरकवला. मी वाचू लागलो. आदाब होता. तस्लीम होती. 'फार फार आनंद झाला' हेही होतं. पोरीला दुआ, नातीला दुआ, सासूबाईंचे आभार, तुझी अम्मी असती तर आज तिनं साऱ्या आळीत साखर वाटली असती, ती मी वाटतो आहे, असं सगळं होतं. आणि शेवटी, बकरी खुशाल आहे.

सवयीनं माझी पेन्सिल बकरीवर गेली. चाचांनी खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं.

"बकरी ऱ्हाऊ द्या, बाबू," ते म्हणाले. "पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलीय तिला. पोरीला घरचं सांगायला तिकडं कोन हाय?"

मी पेन्सिल खाली ठेवली. बदली मास्तर आपणहून स्टुलावरून उठले. चाचा आत येऊन बसले आणि ती तार त्यांनी स्वतः पाठवली, एकही लफ्ज न कापता, अगदी सावकाश.