लाल स्वेटर आणि ड्रमरची काठी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. (शेवटी थोडी रचलीय, पण ते शेवटी सांगेन.)

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क दर रविवारी सकाळी घरी संगीतवेड्यांची बैठक भरवत. आधी प्रत्येकाने आपली लाडकी शास्त्रीय रेकॉर्ड लावायची, मग चहाबरोबर रॉक कॉन्सर्टच्या आठवणी. तिथे हेडक्लार्कांचा मान मोठा, कारण त्यांच्या शोकेसमध्ये मखमलीवर एक निळ्या पट्ट्यांची काठी होती. तीस वर्षांपूर्वी एका रॉक कॉन्सर्टमध्ये ड्रमरने गर्दीत भिरकावलेली आणि ह्यांनी, पहिल्या रांगेतून, हवेतल्या हवेत झेललेली! (झेलली बायकोने, लग्नाआधी. हे तेव्हा तिची पर्स सांभाळत कोल्ड्रिंकच्या रांगेत होते. पण इतक्या वर्षांत तिने कुणापुढे चकार शब्द काढला नाही. थोर बाई!)

एका रविवारी दातांचे डॉक्टर पहिल्यांदाच आले. त्यांनी लावलेलं व्हायोलिन असं काही होतं, की मंडळी टाळ्या वाजवायचंसुद्धा विसरली. मग त्यांची नजर शोकेसवर गेली.

"अरेच्चा! निळ्या पट्ट्यांची काठी! त्या कॉन्सर्टला मी होतो की! पण ही काठी तर एका मुलीने झेलली होती. लाल स्वेटर, लांब केस... काय झेप घेतली होती हो! तशी मुलगी पुन्हा दिसली नाही, म्हणून तर लग्न राहिलं माझं."

हेडक्लार्कांच्या हातातला कप बशीवर वाजू लागला. तोही बेताल.

बायकोने बिस्किटांची बशी शांतपणे टेबलावर ठेवली. "लाल स्वेटर ना? तो ह्यांचाच. केस खांद्याखाली होते तेव्हा. बसमध्ये लोक 'बसा ताई' म्हणून जागा द्यायचे."

सगळ्यांनी हेडक्लार्कांच्या टकलाकडे पाहिलं. डॉक्टरांनी जरा जास्तच वेळ.

"म्हणजे तीस वर्षं मी..."

"हो ना," बायको म्हणाली. "साखर हवी अजून?"

तेव्हा मात्र हेडक्लार्कांना राहवेना. ते उठले, बायकोचा हात धरून म्हणाले, "डॉक्टर, ती मुलगी ही! मी नुसती पर्स धरून उभा होतो." टाळ्यांनी घर दणाणलं.

आता कबुली. ते उठणं, हात धरणं, टाळ्या, सगळं मी रचलं. हेडक्लार्क (म्हणजे मीच) अब्रू वाचली म्हणून मुकाट बिस्कीट खात बसलो.

परवा दाढ दुखली म्हणून डॉक्टरांकडे गेलो. इतक्या हळुवार हाताने दाढ काढली, की कळलंसुद्धा नाही. मग खोल उसासा टाकून त्यांनी विचारलं,

"तो लाल स्वेटर अजून आहे का हो?"