हिरव्या दिव्याचा डबा

माणसाला वस्तू विकता येत नाही, हे सत्य व्यापाराच्या पुस्तकांत मुद्दाम लपवून ठेवलेलं असतं. त्याला काळजी विकावी लागते. वस्तू ही त्या काळजीची पावती म्हणून सोबत द्यायची असते. आमच्या कंपनीने हे तत्त्व स्वीकारल्याला आता अकरा वर्षं झाली आणि गेल्या दहा वर्षांत आमच्याविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही. (तक्रारींचा फोन दहा वर्षांपूर्वी बंद पडला. तो दुरुस्त करा, अशीही तक्रार आलेली नाही.)

आम्ही 'प्राणरक्षक' बनवतो. हा साबणदाणीएवढा पांढरा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायचा असतो. गॅस गळू लागला की तो ओरडून घरच्यांना सावध करतो, असं त्याच्या खोक्यावर छापलेलं आहे. आत तीन भाग असतात: एक बॅटरी, एक कायम लागलेला हिरवा दिवा आणि एक गुळगुळीत दगड. दगडावरून मागे बराच वाद झाला. उत्पादन विभागाला तो अनावश्यक वाटत होता. पण हलका डबा हातात आला की गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालतं, हे आम्ही पुराव्यानिशी दाखवून दिलं आणि दगड राहिला. तो धुऊन, वजन करून, तपासून घेतला जातो. बाकीच्या दोन भागांची तपासणी होत नाही.

मी या कंपनीत प्रशिक्षण विभागाचा प्रमुख आहे. बेचाळीस सेल्समन माझ्या हाताखाली तयार झाले. पद्धत सोपी आहे. दार उघडलं की बोलायचं नाही. नाकाने दोनदा हलकेच हवा ओढायची, चेहरा जरा गंभीर करायचा आणि म्हणायचं, "काही नाही, काही नाही." मग जायला वळता वळता सहज विचारायचं, "तुम्हाला काही वास येतोय का?" शंभरातल्या एकाहत्तर घरांत लगेच वास येतो. बावीस घरांत दुसऱ्यांदा विचारल्यावर येतो. उरलेल्या सात घरांत सर्दी असते आणि ज्यांना वासच येत नाही त्यांना डब्याची गरज सगळ्यात जास्त, हे पटवायला वेळ लागत नाही.

यानंतर सेल्समन पिशवीतून 'बोलका डबा' काढतो. तो खरोखर ओरडतो. त्याचं बटण सेल्समनच्या खिशात असतं.

आमचा पहिल्या नंबरचा सेल्समन म्हणजे भाबडा. हे नाव त्याच्या चेहऱ्यामुळे पडलं. चेहरा इतका सरळ, की बसमध्ये अनोळखी बायका आपलं मूल त्याच्या मांडीवर देऊन तिकीट काढायला मोकळ्या व्हायच्या. माझ्या वर्गातला सातवा धडा त्याचाच. पूर्वी असं व्हायचं, की डबा विकून आपण जिना उतरेपर्यंत घरातला एखादा शहाणा म्हणायचा, "हे सगळं थोतांड आहे," आणि डबा परत यायचा. भाबड्याने त्यावर उपाय शोधला. पैसे घेताना तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "एक सांगून ठेवतो. कुणीतरी म्हणेल हा डबा खोटा आहे. बहुतेक सगळ्यात जवळचंच म्हणेल. त्याच्याशी भांडू नका. त्याला तुमच्या जिवाची किंमत नाही, एवढंच मनात ठेवा." तेव्हापासून परत येणाऱ्या डब्यांची संख्या शून्यावर आली. (घटस्फोटांची आकडेवारी ठेवणं आमच्या विभागाकडे नाही.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिग्दर्शक आला. त्याला लबाड सेल्समन लोकांवर सिनेमा काढायचा होता. विनोदी, पण काळजाला चटका लावणारा. मोठ्या साहेबांनी त्याला चहा पाजला आणि माझ्या वर्गात बसायची परवानगी दिली. दिग्दर्शक सज्जन होता. तीन महिने पहिल्या बाकावर बसून त्याने वह्या भरल्या. सातव्या धड्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने की कौतुकाने ते कळलं नाही. दगड त्याने स्वतः हातात घेऊन बघितला. जाताना मात्र त्याने एक डबा विकत घेतला. "घरात लहान मूल आहे," म्हणाला. "उगीच धोका कशाला?"

सिनेमा छान झाला. त्यात एक वेडगळ म्हातारी दगडाचा डबा विकत घेते, त्याला रोज फडक्याने पुसते, शेजाऱ्यांना दाखवते. शेवटी घर उडतं. ढिगाऱ्यात एकच गोष्ट चालू असते, ती म्हणजे हिरवा दिवा. इथे प्रेक्षक पोट धरून हसतात.

आता आपलं दुकान बंद होणार असं आम्हाला वाटलं. मोठे साहेब पहिल्या खेळाला जाऊन बसले आणि उजळलेल्या चेहऱ्याने परतले. त्यांनी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघितलं होतं. फसणाऱ्याला हसून बाहेर पडलेला माणूस जगातला सगळ्यात बेसावध माणूस असतो, हा त्यांचा शोध. दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दारात, पॉपकॉर्नच्या शेजारी, आमचं टेबल लागलं. तिथे आमच्या दुसऱ्या नंबरच्या सेल्समनला, घाऱ्याला, बसवलं. सातवा धडा त्याला पाठ होताच, वर एकच नवं वाक्य दिलं होतं: "सिनेमातला डबा खोटा होता, बघितलात ना? म्हणून तर तुम्हाला खऱ्यातला फरक कळणार."

लोक डबा हातात घ्यायचे, जाणकारासारखं वजन बघायचे, कानाशी हलवायचे आणि पैसे काढायचे. तीनशे बारा प्रेक्षकांच्या खेळाला एकशे अठ्ठ्याऐंशी डबे गेले. तिघांनी फसवणूक म्हणून आरडाओरडा केला. त्यातल्या एकाने नंतर सासऱ्यांसाठी नेला.

एकशे अठ्ठ्याऐंशींमधला एक डबा भाबड्याच्या आईने घेतला.

ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. मुलगा कसली तरी विक्री करतो एवढंच तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात तिचं नाक गेलं ते गेलंच. जळलेलं दूध, परफ्यूम, काहीच कळत नव्हतं. म्हणून शेजारच्या काकू रोज संध्याकाळी यायच्या, शेगडीजवळ उभं राहून हुंगायच्या, "काही नाही गं," म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. डबा भिंतीवर आल्यावर आईने त्यांना सांगितलं, की आता तुम्ही कशाला त्रास घेता.

महिन्यातून एका रविवारी भाबडा आईकडे जायचा. त्या रविवारी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्याला हिरवा दिवा दिसला.

"आई, हा कुठून आला?"

"घेतला. आम्ही दोघी सिनेमाला गेलो होतो ना! काय हसलो रे! त्या म्हातारीला चक्क दगड विकतात. दगड!"

"आई, यातही दगडच आहे."

"काहीतरीच! हा खरा आहे. नीट विचारून घेतलाय मी."

"कुणाला विचारलंस?"

"विकणाऱ्याला."

मग भाबड्याने तिला सगळं खरं सांगितलं. अकरा वर्षांत त्याने हा प्रकार केलेला नव्हता आणि सराव नसल्याचा परिणाम लगेच दिसला. कान लाल झाले, कपाळाला घाम फुटला, जीभ अडखळायला लागली, नजर एका जागी ठरेना. आईने पदराने त्याचं कपाळ पुसलं.

"नको रे असं करूस," ती म्हणाली. "तुला खोटं बोलायची सवय नाही. बघ किती घामाघूम झालास."

"आई, मी खरं सांगतोय!"

"ते म्हणालेच होते, सगळ्यात जवळचंच कुणीतरी येऊन असं म्हणेल." तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं नव्हतं तू असशील."

भाबडा स्टुलावर बसला. आपलं वाक्य आपल्याच आईच्या तोंडून ऐकण्याचा मान आमच्या दुसऱ्या कुठल्याही सेल्समनला मिळालेला नाही.

शेवटी त्याने सुरीने डबा उघडला आणि दगड काढून तिच्या हातावर ठेवला. तिने दगडाकडे बघितलं, मग खोक्यावरची ओळ वाचून दाखवली: 'उघडल्यास बिघडेल.' "बिघडवलास ना?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने नवा डबा आणला. भाबडा शेजारी काकूंकडे गेला, निदान तुम्ही तरी पुन्हा हुंगायला जा म्हणून हातापाया पडला. पण त्यांचा अपमान झाला होता. "डब्यापुढे माझं नाक काय!" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. दारातून त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत दिसली. तिथेही हिरवा दिवा होता.

तो माझ्याकडे आला. "साहेब, सातव्या धड्यावर उतारा काय?"

"उतारा असता, तर धडा ठेवला असता का?" मी म्हणालो. मला त्याचं वाईट वाटलं, हे नमूद करतो.

खरा डबा विकत घ्यावा म्हणून तो एका मोठ्या दुकानात गेला. दुकानदाराने डबा पुढे केला. दिवा हिरवा, वजन चांगलं. "हा खरा कशावरून?" भाबड्याने विचारलं. "खराच आहे," दुकानदार सरळ चेहऱ्याने म्हणाला. इतका सरळ चेहरा बघून भाबड्याला धडकी भरली. तो हात जोडून बाहेर पडला. असं तो सहा दुकानांतून बाहेर पडला.

राहता राहिलं त्याचं स्वतःचं नाक. काम टाकून तो रोज संध्याकाळी आईकडे जायला लागला. सव्वीस हजार दारांत खोटा वास घेतलेलं ते नाक. पहिला आठवडाभर त्याला रोज वास आला आणि रोज काही निघालं नाही. दुसऱ्या आठवड्यात वास येईनासा झाला, तेव्हा तो जास्त घाबरला. विक्रीत तो एकतिसाव्या नंबरावर घसरला.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आईने दार उघडलं आणि ती पाठमोरी होऊन आत गेली. भाबड्याने दारात दोनदा हवा ओढली, चेहरा गंभीर झाला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "काही नाही, काही नाही." मग त्याने तिसऱ्यांदा हवा ओढली. असं त्याने कधी केलं नव्हतं. आत आई शेगडीपाशी उभी होती. एका हातात चहाचं भांडं, दुसऱ्या हातात काडेपेटी.

"आई, काडी ओढू नकोस!"

"अरे, दिवा हिरवा आहे की."

त्याने झडप घालून काडेपेटी हिसकावली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आईला जवळजवळ उचलून जिन्यावर आणलं. शेगडीमागची नळी चिरली होती. पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला.  त्याने हे मला सांगितलं तेव्हा मी पाणी प्यायलो आणि नोंद केली.

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "एरवी महिन्यातून एकदा यायचास," ती म्हणाली. "डबा लावला आणि रोज यायला लागलास. म्हणजे डब्यानेच आणलं ना रे तुला?"

तो उठला आणि नवी नळी आणायला गेला.

तिने कंपनीला पत्र लिहिलं: 'आपल्या डब्यामुळे माझा जीव वाचला.' आमच्या इतिहासातलं हे पहिलं खरं प्रशस्तिपत्र. कायदा विभागाने ते चार दिवस उलटसुलट तपासलं. खऱ्या कागदाचं काय करतात, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मग ते तिच्या फोटोसह खोक्यावर छापलं आणि डबे पुरेनात.

भाबड्याने नोकरी सोडली. आता तो दारोदार फिरून लोकांना खरं सांगतो. कान लाल, कपाळावर घाम, खोक्यावरच्या बाईंकडे बोट दाखवून म्हणतो, "ही माझी आई आहे हो!" लोक दार लावून घेतात. तो ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही घाऱ्याला पाठवतो. आजवर एक दार रिकामं गेलेलं नाही. संध्याकाळी मात्र भाबडा न चुकता आईकडे असतो.

हे सगळं मी इतकं उघड का सांगितलं, असं तुम्हाला वाटेल. सांगायला हरकत नाही म्हणून. दगड तुम्हाला कळला, खिशातलं बटण कळलं, सातवा धडा कळला. मध्ये दोन-तीनदा तुम्ही हसलातही. तुमच्या स्वयंपाकघरात डबा असेलच, तर तो आमच्यातला नाही. तुम्ही नीट विचारून घेतला असेल.

काही नाही, काही नाही. जाता जाता सहज विचारतो. तुम्हाला काही वास येतोय का?