चौकड्यांचा शर्ट आणि कंपनीचा इतिहास

"इतिहासात काय आहे एवढं! फोटो लावायचे, मागे संगीत सोडायचं, झाला इतिहास!" असं संस्थापकांनी बायकोला सांगितलं, आणि सांगता सांगता टोस्ट इतक्या आत्मविश्वासाने चहात बुडवला की तो परत वर आलाच नाही.

संस्थापक म्हणजे एका सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक. कंपनीचं काम एकच, सिनेमातल्या चित्रातून नको ते पुसून टाकणं. नायक आकाशात उडतो तेव्हा त्याला लटकवणारी तार दिसते, ती पुसायची. राजा सिंहासनावर बसतो आणि मागे पंख्याचं बटण दिसतं, ते पुसायचं. सॉफ्टवेअरचं नाव 'सफाई'. सुरुवातीला निम्मे फोन 'जिने झाडून देता का' असं विचारणारे यायचे, आणि त्यातली एकदोन कामं मेहुण्याने स्वीकारलीसुद्धा होती.

मेहुणा म्हणजे संस्थापकांच्या बायकोचा थोरला भाऊ. संस्थापकांची मुलगी त्याला मामा म्हणायची, म्हणून ऑफिस मामा म्हणायचं, आणि ऑफिस म्हणायचं म्हणून संस्थापकही मामाच म्हणायचे. मामांच्या चष्म्याच्या दुकानामागे एक खोली होती, तिच्यात दोघांनी मिळून कंपनी काढली. वाटणी सरळ होती. संस्थापक सॉफ्टवेअर लिहायचे, मामा विकायचे. फक्त क्रम जरा उलटा होता. मामा आधी विकून यायचे आणि मग काय विकलं ते संस्थापकांना सांगायचे.

"जावईबापू, ढग सरकवायचं बटण विकलं."

"असलं बटण आपल्याकडे नाहीये!"

"सोमवारपर्यंत आहे!"

आणि सोमवारी ते असायचं. तारवटलेल्या डोळ्यांचे संस्थापक ते घेऊन उभे असायचे. अशा सोमवारांवरच कंपनी वाढली. मग एके दिवशी मामांनी एका निर्मात्याला वाईट अभिनय चांगला करणारं बटण विकलं. तिथे मात्र संस्थापकांनी हात टेकले. शब्दाने शब्द वाढला. संस्थापक मामांना 'थापाड्या' म्हणाले, मामा संस्थापकांना 'कारकून' म्हणाले, आणि दोन्ही शब्दांत तथ्य असल्यामुळे ते वर्मी लागले. मामा आपल्या दुकानात परत गेले ते गेलेच. बहिणीच्या घरी पाऊल टाकीनात. तिच्याशी फोनवर बोलायचे, पण मागे संस्थापकांचा खोकला ऐकू आला की फोन ठेवून द्यायचे. अशी बरीच वर्षं गेली. खोकला काही गेला नाही.

आता कंपनीचा पंचविसावा वाढदिवस आला होता. संस्थापकांच्या पत्नीने कोणालाही न विचारता भावाला आमंत्रण देऊन टाकलं. समारंभात कंपनीच्या इतिहासाची फिल्म दाखवणार आहेत असं कळल्यावर मामांनी अट घातली, "त्यात मी पहिल्यापासून दिसणार असेन तर येतो. कोपऱ्यात नाही. नीट."

"दिसतील की!" संस्थापक चमच्याने टोस्टचा शोध घेत म्हणाले. "मामांशिवाय एक फोटो नसेल आपल्याकडे. कॅमेरा निघाला की हे मध्ये हजर!"

"बघा हं," पत्नी म्हणाली. "दादा या वेळी रुसून गेला ना, तर मीही त्याच्याबरोबर जाईन. दुकानामागची ती खोली अजून रिकामीच आहे."

हे ती आवाज न चढवता म्हणाली. म्हणून संस्थापक घाबरले.

ऑफिसात जाऊन त्यांनी जुन्या फोटोंचा साठा उघडला. पहिलाच फोटो त्या मागच्या खोलीतला. डोक्यावर भरघोस केस असलेले संस्थापक उभे, हसतायत, आणि त्यांचा डावा हात खांद्याच्या उंचीवर आडवा पसरलेला. त्या हाताखाली कोणीही नव्हतं. ओले कपडे वाळत घालायला दांडी धरावी तसा तो हात!

दुसरा फोटो पहिलं टेबल आणलं त्या दिवशीचा. टेबलाचं एक टोक संस्थापकांनी दात-ओठ खाऊन उचललेलं. दुसरं टोक आपखुशीने वर आलेलं!

तिसरा फोटो पहिल्या गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक मोठ्या प्रेमाने हवेशी हस्तांदोलन करत होतं आणि संस्थापक बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

संस्थापकांनी परीक्षकबाईंना बोलावलं. परीक्षकबाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. आता त्या सॉफ्टवेअर तपासायच्या, आणि त्यांनी पास केल्याशिवाय कंपनीतून काही बाहेर जात नसे.

"बाई, मामा कुठे गेले?"

"कितव्या व्हर्जनमध्ये?" बाईंनी विचारलं.

संस्थापक खुर्चीत बसले.

"असं काय करता सर? नवं व्हर्जन आलं की आधी घरच्या फोटोंवर चालवून बघायचं, हा नियम तुमचाच ना? बाहेरच्यांचे फोटो घेतले तर परवानग्या लागतात म्हणून!"

"ते ठीक आहे. पण मामाच का?"

"चौकड्यांचा शर्ट!" बाईंचा चेहरा उजळला. "तार काय, कोणीही पुसेल. साधा शर्ट, साधी भिंत, त्यात परीक्षा ती काय! पण मामांचा तो चौकड्यांचा शर्ट, चष्म्यावर चकाकी, त्यात अंगाने भरभक्कम! सर, इतका अवघड पेपर या धंद्यात दुसरा नाही. पहिल्या व्हर्जनमध्ये सावली मागे राहायची. तिसऱ्यात नुसता चष्मा राहिला, हवेत तरंगत. सातव्यात..." बाईंचा गळा दाटून आला, "सातव्यात मागमूसही नाही!"

"आणि मूळ फोटो?"

"त्यांच्यावरच सेव्ह केलं. जुना पसारा साठवायचा नाही, हाही नियम तुमचाच." बाईंनी सुस्कारा सोडला. "गेल्या वर्षी मामा संपले. तेव्हापासून परीक्षेला काही अर्थ राहिला नाही."

संस्थापकांनी चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. जिथे मामा होते तिथे निव्वळ भिंत होती. भिंतीचे पोपडेसुद्धा एकाला एक जुळत होते. क्षणभर त्यांना अभिमान वाटला. मग बायको आठवली.

"भरणी चालवा!" ते ओरडले.

'भरणी' हे कंपनीचं नवं बटण होतं. चित्रात जिथे काही कमी असेल तिथे काय असायला हवं ते हे बटण आपल्या अंदाजाने भरायचं. हा अंदाज ते ऑफिसच्या फोटोंवरून शिकलं होतं, आणि त्या फोटोंत शेवटपर्यंत टिकून राहिलेला माणूस एकच होता. बाईंनी बटण दाबलं. पहिल्या फोटोत संस्थापक संस्थापकांच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. दुसऱ्यात टेबलाच्या दोन्ही टोकांना संस्थापक. तिसऱ्यात एक संस्थापक गिऱ्हाइकाशी हात मिळवत होते आणि दुसरे संस्थापक त्यांचं कौतुक करत होते.

"हे दाखवलं तर मामा काय म्हणतील?" संस्थापकांनी विचारलं.

"जे आधी म्हणायचे तेच म्हणतील," बाई म्हणाल्या. "सगळं श्रेय एकट्याने लाटलं."

उरला एकच मार्ग. कुठून तरी खरे मामा आणायचे आणि चिकटवायचे. घरी बायको बाजारात गेलेली बघून संस्थापकांनी कपाटातला लग्नाचा अल्बम काढला, स्वतःच्याच लग्नात चोरी करणाऱ्या माणसासारखा चाळला, आणि त्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या लग्नात मामा पाठमोरे आहेत. आइस्क्रीमच्या रांगेत! तोंड दिसत होतं असा फोटो एकच होता. त्यात रांग संपली होती. मामा सुटाबुटात, हातात वाटी, तोंडात चमचा, आणि एक गाल टम्म फुगलेला.

"चमचा तेवढा पुसा," संस्थापक बाईंना म्हणाले.

बाईंनी पुसला. चमचा गेला, पण तोंडासकट.

"राहू दे चमचा!" संस्थापक म्हणाले.

समारंभाच्या संध्याकाळी ऑफिसच्या मोठ्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. जुनी-नवी गिऱ्हाइकं आली होती, निर्माते आले होते. मामाही आले. केस पिकलेले, पण अंगात चौकड्यांचाच शर्ट, आणि काखेत एक पुडकं. ते संस्थापकांकडे न बघता पहिल्या रांगेत बसले. मध्ये बहीण बसली, दोन भांडखोर पोरांच्या मध्ये बाई बसतात तशी. दिवे मालवले. संगीत सुरू झालं.

पहिला फोटो. मागची खोली, संस्थापकांचा हात, आणि हाताखाली सुटातले मामा, आइस्क्रीम खाताना. "अरे वा!" बहीण म्हणाली. मामा सावरून बसले.

दुसरा फोटो. टेबलाच्या एका टोकाला घामाघूम संस्थापक. दुसरं टोक हवेत तरंगतंय आणि त्याच्यामागे मामा, आइस्क्रीम खाताना. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं.

तिसरा फोटो. गिऱ्हाइकाने हात पुढे केलाय आणि मामांनी वाटी! आता खुसखुशीचं हसू झालं. पुढे नव्या जागेचं उद्घाटन, मामा आइस्क्रीम खातायत. कंपनीला मिळालेलं पहिलं बक्षीस, मामा आइस्क्रीम खातायत. एकदा वीज गेली तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात काम करणारं अख्खं ऑफिस, आणि मध्यभागी लख्ख उजेडात मामा, तोच सूट, तोच गाल! लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले.

"दिवे लावा!" मामा गरजले.

दिवे लागले.

"जावईबापू! तुम्ही कंपनी उभी करत होतात, आणि मी काय इतकी वर्षं आइस्क्रीम खात होतो?"

पत्नीने शांतपणे पर्स उचलून मांडीवर घेतली. त्या पर्सची चेन लागल्याचा आवाज संस्थापकांना स्पष्ट ऐकू आला.

इतक्यात परीक्षकबाई उठल्या. सॉफ्टवेअरबद्दल गैरसमज पसरलेला त्यांना सहन व्हायचा नाही.

"मामा, खाली बसा! तुम्हाला इथे कोणीही विसरलेलं नाही. तुम्हाला पुसलंय!"



"पुसलंय?"

"प्रत्येक व्हर्जनमध्ये. आधी मामा पुसून बघायचे. मामा नीट गेले, तरच माल बाजारात. चौकड्या, चकाकी आणि घेर, तिन्ही एका माणसात कुठे मिळतात?"

"मी कंपनी सोडल्यावरसुद्धा?"

"सोडल्यावर तर जास्तच! तुमच्यावाचून आमचं पान हलत नव्हतं."

मामांनी बाईंकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या स्वतःकडे पाहिलं. मग सावकाश मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या होत्या. मामांच्या चेहऱ्यावर संस्थापकांनी कित्येक वर्षांत न पाहिलेला, पण चांगलाच ओळखीचा, एक भाव उमटला.

"मंडळी!" मामांनी दोन्ही हात पसरून स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली. "नीट बघून घ्या! तार पुसून कोणीही दाखवेल. हा देह पुसून दाखवा! जगातलं हे एकमेव सॉफ्टवेअर, जे या शर्टावर घासून तयार झालंय! आणि अजून ऐका! पुसलेला माणूस होता तसा परत आणणारं बटण, पुढच्या आठवड्यात येतंय! ज्यांना हवं त्यांनी हात वर करा!"

हात वर झाले. भराभर झाले.

"मामा," संस्थापक कानाशी कुजबुजले, "असलं बटण आपल्याकडे नाहीये!"

"सोमवारपर्यंत आहे," मामा ओठ न हलवता म्हणाले. "आपल्याकडे."

ते शेवटचं 'आपल्याकडे' पत्नीने ऐकलं, आणि पर्स परत खुर्चीखाली ठेवली.

मग मामांनी पुडकं उघडलं. आत एक कोरा शर्ट होता. चौकड्यांचा! "घ्या. अंदाजाने आणलाय. कारकुनांचं माप मला कुठे ठाऊक!" संस्थापकांनी तो तिथल्या तिथे सदऱ्यावरून चढवला आणि "थापाड्याच्या मानाने बराच बरोबर आलाय," असं म्हणाले. दोघं हसले. सगळ्यांचा एक फोटो काढला गेला. मध्ये संस्थापक, एका बाजूला पत्नी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या गळ्यात हात टाकून मामा.

"बाई, हा फोटो मोठा करून घरी पाठवा," पत्नीने बजावलं. "आणि यातल्या माझ्या दादाला हात लावायचा नाही. शपथ आहे तुम्हाला!"

"नाही लावणार," बाई म्हणाल्या. त्या दिलेला शब्द पाळायच्या.

पुढच्या आठवड्यात संस्थापकांना मान वर करायला फुरसत नव्हती; ते मामांनी विकलेलं बटण लिहीत होते. ते काम उरकल्यावर एका सकाळी चहा पिता पिता त्यांचं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. फोटो लागला होता, चांगल्या लाकडी चौकटीत.

"किती छान आलाय नाही?" पत्नी म्हणाली. "दादा बघा कसा मोकळा हसतोय!"

मामा खरोखरच मोकळे हसत होते. त्यांचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर आडवा पसरलेला होता. पलीकडे पत्नी हसत होती. दोघांच्या मध्ये स्वच्छ, सुंदर भिंत होती.

संस्थापकांनी फोन लावला. "बाई!"

"पास, सर!" बाईंचा आवाज आनंदाने थरथरत होता. "कॉलरसुद्धा राहिली नाही! कितीतरी दिवसांनी कोणीतरी चौकड्या घालून आलं!"

संस्थापकांनी चष्मा काढून फोटोला नाक लावलं. भिंतीचा रंग, मागच्या खुर्चीची पाठ, पडद्याची घडी, सगळं एकाला एक जुळत होतं. काम चोख झालं होतं, हे त्यांना मान्य करावंच लागलं.

फोटो भिंतीवर लागून चार दिवस झाले होते. काहीतरी कमी आहे असं घरात तोवर कोणालाच वाटलं नव्हतं.