कोल्ह्यासाठी बिबट्या

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला देवघरासमोर उभं करून बजावलं आहे. सांगायचं नाही म्हणजे बोलायचं नाही, असा अर्थ घेऊन मी लिहिते आहे. (मी तशीही फारसं बोलत नाही. घरातली गुपितं माझ्यासमोर उघडतात ती याच भरवशावर.)

गोष्ट बाबांची आहे. बाबा, म्हणजे बळवंतराव, इथे लश्कर भागातल्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतात. भाद्रपदातल्या एका सकाळी मला ट्यूशनला सोडताना त्यांनी ठरवलं की आज टेकडीमागच्या रस्त्याने जाऊ, पाच मिनिटं वाचतील. ती पाच मिनिटं ते अजून फेडताहेत.

वळणावर झुडपातून काहीतरी तपकिरी निघालं आणि स्कूटरच्या पुढच्या चाकाशी आलं. बाबांनी ब्रेक दाबला, पण उशिरा. कोल्ह्याचं पिल्लू होतं. ते ओरडलं नाही. आडवं पडून फक्त बाबांकडे बघत राहिलं. बाबांनी अंगातला रेनकोट काढून त्यात ते गुंडाळलं आणि फूलबागेजवळ लीलाताईंकडे नेलं.

लीलाताई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, बाबांनाही त्यांनीच शिकवलंय. आता त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंख तुटलेली घार, आंधळं माकड आणि असेच कुणी कुणी राहतात.

"कुठे मिळालं?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याच्या कडेला पडलं होतं," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी दप्तराचा पट्टा नीट करत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, मागचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. आठ दिवसांत प्लेट घातली तर चालेल, नाहीतर कधीच उभं राहणार नाही. वनखात्याची परवानगी फोनवर मिळाली. पैसे मात्र लोकांतूनच उभे करायचे होते. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईला वाटलं, पित्त.

लीलाताईंनी आमच्या मराठी गणेशमंडळाचे चिटणीस विश्वासराव यांना गाठलं. मंडळात अनंत चतुर्दशीला लिलाव असतो. प्रत्येक घराने एक वस्तू द्यायची, पण चादरीत बांधून, म्हणजे कुणाचं दान मोठं आणि कुणाचं लहान ते दिसत नाही. गाठोडं एकदा गणपतीसमोर ठेवलं की परत न्यायचं नाही, आणि बोली जिंकणाऱ्याने ते सगळ्यांसमोर सोडायचं. या वर्षीचा लिलाव कोल्ह्याच्या पायासाठी, असं ठरलं.

"डिनर सेट देऊ," आई म्हणाली.

"त्यातले दोन बाउल फुटलेत."

"मग काय देणार? तुमचा रेडिओ?"

बाबांची नजर दाराच्या वर गेली. तिथे आमचा बिबट्या असे. अख्खा नव्हे, नुसतं डोकं, पेंढा भरलेलं, लाकडी पाटावर ठोकलेलं. बाबांचे पणजोबा रिसाल्यात होते, त्यांनी मारलेला. एक डोळा केव्हाच पडला होता आणि तिथे निळी गोटी बसवली होती. आई त्याच्या सुळ्याला छत्री अडकवायची.

"पणजोबांनी एक मारला, आपण एक वाचवू," बाबा म्हणाले. "फिटलं."

"फिटलं की नाही ते मला माहीत नाही," आई म्हणाली, "पण डाळीत केस यायचे थांबतील."

तिने आपली जांभळी चादर दिली. बाबांनी गाठ मारली आणि कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

लिलावाला पाहुणे म्हणून वनखात्यातले राजावत साहेब आले होते. ते भाषणाला उभे राहिले तेव्हा बाबांच्या हातात प्रसादाची बशी होती.

"लश्कर के कितने ही पुराने घरों में आज भी खाल, सींग, मुंडी टँगी है," राजावत साहेब शांतपणे म्हणाले. "काग़ज़ नहीं है, तो घर में रखना भी जुर्म है. और बेचना तो काग़ज़ हो तब भी. हम किसी को छोड़ते नहीं."

कागद आमच्याकडे नव्हता. बिबट्या आमच्या घरात रेशनकार्डाच्याही आधी आला होता. बाबांनी मोदक बशीत परत ठेवला आणि विश्वासरावांना खांबामागे नेलं.

"सात नंबरचं गाठोडं परत द्या. चुकून ठेवलंय."

"बाप्पासमोरून परत? आजवर कुणी नेलं नाही, बळवंतराव."

"अहो, खरंच चुकून."

"सगळे चुकूनच ठेवतात. गेल्या वर्षी माधवरावांनी चुकून बायकोचा मिक्सर ठेवला. तोही गेला."

आता एकच वाट उरली होती. आपला बिबट्या आपणच विकत घ्यायचा.

"गाठोडं क्रमांक सात," विश्वासरावांनी पुकारलं. वाक्य संपायच्या आत बाबा म्हणाले, "पाचशे."

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. बाबांनी आजवर नारळासाठीसुद्धा पन्नासच्या पुढे बोली लावली नव्हती. (पन्नासलाही ते घाम पुसायचे.)

मागच्या रांगेतून मंदाताई म्हणाल्या, "बळवंतराव खिसा उघडतायत. आत नक्की काहीतरी आहे हं."

"तो हम भी देखें," राजावत साहेब हसले. "हज़ार."

"दोन," बाबा म्हणाले.

"चार. जानवर का मामला है, भई."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. घरात तेव्हा फक्त वॉशिंग मशीनसाठी साठवलेले पैसे होते, आणि बाबा ज्या गतीने जात होते त्यावरून मशीन कुठवर टिकेल ते तिला कळत होतं. चौदा हजारांवर राजावत साहेबांनी हात जोडले.

"मान गए. ऐसा दिलवाला आदमी नहीं देखा."

विश्वासरावांनी थाळी वाजवली. "चला बळवंतराव, सोडा गाठ."

बाबा गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. सोडेनात. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भीतीचं होतं, पण लांबून तसं कळत नव्हतं.

तेवढ्यात लीलाताई पुढे आल्या. त्यांनी चादरीचा एक कोपरा उचलला, आत पाहिलं आणि कोपरा खाली सोडला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. जन्मभर शाळेत कॉपी पकडलेली बाई.

"फोटो आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "त्याच्या पणजोबांचा. चुकून आला असेल गाठोड्यात. राहू द्या, घरी जाऊन रडेल तो."

सगळ्यांनी माना हलवल्या. राजावत साहेबांनी चष्मा पुसला. गाठोडं उचलायला हात लावताना लीलाताई हळूच बोलल्या. मी चादरीचं दुसरं टोक धरलं होतं म्हणून ऐकू आलं.

"हे स्वतःहून नेऊन दे त्यांच्या ऑफिसात, अर्ज लिहून. आणि स्कूटरचं मडगार्ड बदलून घे, बळवंत. पहिल्या दिवसापासून त्याला पिल्लाचे केस चिकटलेत."

बाबांनी चादरीची गाठ आणखी घट्ट केली.

पिल्लाच्या पायात प्लेट बसली. ते चालतं आता, पण लंगडतं. पळता येत नाही, म्हणून रानात सोडता येणार नाही. ते जन्मभर लीलाताईंच्या शेडमधल्या जाळीतच राहणार. बाबा रोज संध्याकाळी खिमा घेऊन जातात. पिल्लू सगळ्यांकडे येतं, माझ्या हातचंसुद्धा खातं. बाबांच्या स्कूटरचा आवाज आला की मात्र कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसतं. हल्ली बाबा स्कूटर चौकात लावून पायी जातात. तरीही ते पाठ करतं.

"ओळखतं मला," ते परवा आईला म्हणाले. आई हाताने चादरी पिळत होती. जांभळीचं दुसरं टोक तिने त्यांच्या हातात दिलं.

अर्जाचं म्हणाल तर तो एकोणीस दिवस चालू आहे. बाबा आवक-जावकमधले. संदर्भ क्रमांकाशिवाय कागद पुढे जाऊ नये, असं त्यांचं मत आहे. सगळ्यात चांगल्या खर्ड्याखाली त्यांनी लिहिलंय, "सोबत: बिबट्या, नग एक." तिथेच ते अडलेत. डोकं नग धरायचं की भाग, यावर.

आणि काल राजावत साहेबांचा फोन आला. रविवारी, म्हणजे आज, ते चहाला येणार. ज्यांच्यासाठी चौदा हजार मोजले त्या पणजोबांच्या फोटोला त्यांना नमस्कार करायचा आहे.

पणजोबांचा फोटो आमच्याकडे कधीच नव्हता. बाबांनी सकाळी मंदाताईंच्या सासऱ्यांचा, पगडीतला, मागून आणला. तो आता दाराच्या वर हार घालून लावलाय, बिबट्याच्याच खिळ्याला. बिबट्या माझ्या खोलीत आलाय, टेबलाखाली. लिहिताना पाय ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून मी त्याच्या डोक्यावर ठेवलेत. जांभळी चादर दोरीवर ओली आहे, त्यामुळे तो उघडाच आहे. निळी गोटी दाराकडे बघते आहे.

बाहेर कपबशा वाजल्या. साहेब विचारतायत, बेटी क्या करती है. बाबा कौतुकाने सांगतायत की ती चित्रं काढते, कोल्ह्याचं तर अगदी हुबेहूब काढलंय, तिच्या टेबलापाशी लावलंय, चला ना साहेब, आतच चला, दाखवतो. बाबांच्या हे लक्षातच नाही की

"उन्नती, दार उघड गं, साहेब आलेत," बाबा हाक मारतायत, आणि बिबट्या अजून माझ्या