हबीबी, नया मत लो

दुबईत आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगमध्ये झुरळ दिसलं, की शेजारच्या दिघ्यांना हाक मारायची. ते झुरळाला कागदावर घेऊन जिन्याखाली सोडून यायचे. मारायला हात धजत नसे. आणि हा माणूस पोटासाठी देरा बाजारातल्या एका दुकानात शिकारीच्या रायफली विकायचा. युरोपातून हातानं घडवून आणलेल्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या, नक्षीच्या. एकेकीची किंमत दिरहममध्ये सांगून ते रुपयांत करू लागले, की माझी बायको म्हणायची, "भावोजी, जेवताना नको."

विकायचा म्हणणंही चूकच. गिऱ्हाइकानं नव्या रायफलीचं नाव काढलं, की दिघे खुर्ची पुढे ओढत. "हबीबी, नया मत लो." नवी घडायला दोन-तीन वर्षं. तुमच्या हाताचं माप घेणार, पैसे आधी घेणार आणि तुम्ही बसणार वाट बघत. त्यापेक्षा कुणीतरी हौसेनं घेऊन कपाटात ठेवलेली घ्या. तेच लाकूड, तेच कारागीर. दस्ता तुमच्या मापाचा करून देतो.

"पण नव्याची मजा?" मी एकदा विचारलं.

"मजा हातात आल्यावर. वाट बघण्यात कसली मजा?"

दुकानाचे मालक, एक वयस्कर अरब गृहस्थ, कपाळाला हात लावायचे.

मग २००८ची मंदी आली. लोक बिऱ्हाडं आवरून परत जाऊ लागले. दुकानातही माणसं कमी होणार असं कानावर आलं. "पहिला मीच," दिघे म्हणाले. "मालकाची गिऱ्हाइकं परत पाठवणारा." त्यांनी बायकोचं, नलूवहिनींचं, भारतात परतायचं तिकीट काढलं. बॅग भरून झाली आणि त्याच दिवशी मालकांनी दिघ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

संध्याकाळी वहिनी आमच्याकडेच बसल्या होत्या. दिघे आले, सोफ्यावर टेकले, पाणी प्यायले.

"नव्या रायफली करणारा तो युरोपातला कारखाना बंद पडला. ऑर्डरवाल्यांचे पैसे अडकले, ते मालकांशी भांडतायत. मी ज्यांना अडवलं, ते मात्र खजुराचे डबे घेऊन येतायत. मालक म्हणाले, 'दिघे, तुमने मेरी इज्जत बचाई. अब पुराना माल तुम संभालो.'"

"म्हणजे नोकरी?" वहिनींनी विचारलं.

"आहे. पगार थोडा कमी. पण आहे."

मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, "दिघे, तुम्हाला मंदीचा आधीच वास आला होता वाटतं."

"यांना कसला वास येतोय," वहिनी म्हणाल्या. "लग्नानंतर सात वर्षं मी चिपळूणला, हे इथे सहाजणांच्या खोलीत. माझा व्हिसा आज होईल, उद्या होईल. तेव्हापासून कुणी कशाची वाट बघतंय म्हटलं, की यांना सोसत नाही."

दिघे कानकोंडे झाले. "येतो," म्हणून उठून गेले.

चहा झाल्यावर मी वहिनींबरोबर त्यांच्या दारापर्यंत गेलो. दार उघडंच होतं. दिघे जमिनीवर मांडी घालून बसले होते. बॅगेतली एकेक साडी, घडी मोडू न देता, कपाटात ठेवत होते.